‘पेशंट पळून गेला’ असं रजिस्टरला लिहिलं की विषय संपतो का?

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा साताऱ्याकडचा, सातपुड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, सातवं वर्ष चालू आहे. तालुका, दवाखाना, कुणाचंच नाव लिहिणार नाही, कारण लिहिलं तर उद्या नोटीस त्या सिस्टरला जाईल आणि वरच्या कुणाला काही होणार नाही, एवढं सात वर्षांत कळलंय.

आमच्या चौथीत एक पोरगी आहे. सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, आणि एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई-बाप दोघांकडून आलेला. होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात, तिचे पाय आणि छाती दुखायला लागली, डोळे पिवळे, रात्रभर कण्हत होती. बाप नुकताच गुजरातेतून ऊसतोडीवरून आला होता. पाड्यावरून सडकेपर्यंत माझी मोटरसायकल, मी पुढे, मधे पोरगी, मागे बाप. मग जीप. आरोग्य केंद्रात सलाइन लावलं, दुखणं कमी व्हायला इंजेक्शन दिलं आणि खाली शहरात न्यायची चिठ्ठी दिली. १०८ येईपर्यंत दोन तास, मग घाट. सकाळी सातला निघालेलो, अ‍ॅडमिट झाली तेव्हा दिवे लागले होते. रक्त द्यावं लागेल म्हणाले. मी रात्री परत आलो कारण दुसऱ्या दिवशी शाळेत मी एकटाच.

तिसऱ्या दिवशी केळी घेऊन गेलो तर कॉटवर दुसराच माणूस. सिस्टरनी रजिस्टर उघडून दाखवलं, ‘पेशंट न सांगता पळून गेला’. वर म्हणाल्या, सर तुमची लोकं अशीच असतात, आम्ही किती करायचं.

मला त्या बापाचा इतका राग आला की थेट पाड्यावर गेलो. पोरगी उन्हात गोधडी घेऊन बसलेली, एक पिशवी रक्त लागलं होतं म्हणून जरा बरी दिसत होती. बाप काही बोलेचना. मी पण बसून राहिलो. अर्ध्या तासानं त्यानं सांगितलं ते असं. शेजारच्या कॉटवर दुसऱ्या डोंगरातला एक म्हातारा होता, तो पहिल्याच रात्री गेला. त्याची माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मढं घेऊन व्हरांड्यात बसून होती, कारण न्यायला गाडी नाही, आणि खाजगी गाडीवाला जे मागत होता तेवढे पैसे त्यांनी आयुष्यात एका वेळी बघितले नसतील. ह्यानं ते सगळं बघितलं. खिशात चारशे रुपये, मुकादमानं हिशोब अजून केलेला नाही. तर त्यानं रात्री विचार केला की ही मेली तर मी हिला घरी कशी नेणार. जिवंत आहे तोपर्यंत लाल डब्यात मांडीवर घेऊन तरी नेता येईल. पहाटेच्या पहिल्या गाडीला उचलून घेऊन आला.

मला आता राग कुणाचा धरावा तेच कळेना. इथे डॉक्टर आहेत, खात्यात काम केलेले पण आहेत. बोला जरा.

चहाबाज_नाशिक

वाचून वाईट वाटलं गुरुजी, तुमच्या कामाला सलाम. पण एक बोलू का, राग मानू नका. सरकार औषध फुकट देतं, बाळंतपण फुकट, गाडी फुकट, वर मातृत्व अनुदान, अमृत आहार, काय काय योजना आहेत. आमच्यासारखा मध्यमवर्गीय आजारी पडला तर मेडिक्लेम असून घरचं सोनं मोडायची वेळ येते. इतकं करून पण ती लोकं आधी भगताकडे जाणार आणि शेवटच्या क्षणी दवाखान्यात येणार, मग मेला की दवाखाना वाईट. मेळघाटात तान्ह्या पोराच्या पोटाला तापलेल्या सळईचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, तो काय सरकारनं शिकवला? मूळ प्रश्न शिक्षणाचा आणि अंधश्रद्धेचा आहे. स्पष्ट बोललो.

डॉ_अर्धवट

डोंगरपायथा सर, मी बाँडचं वर्ष, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी नोकरी, अशाच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (प्रा. आ. केंद्र) काढलं, म्हणून हे कबूल करून टाकतो. ‘पेशंट पळून गेला’ हे मी स्वतः लिहिलेलं आहे. किती वेळा ते मोजलं नाही. डामा म्हणजे सल्ल्याविरुद्ध जातोय असा कागद करायचा तर नातेवाइकाला समजावून सांगावं लागतं, अंगठा घ्यावा लागतो, आणि समजावून सांगायला लागलो की कधीकधी तो माणूस थांबतो पण, हे आता लिहिताना लक्षात येतंय. पळून गेला लिहिलं की एक ओळ, आणि आपण मोकळे.

आता दुसरी बाजू पण ऐका. माझ्या केंद्रात डॉक्टरांच्या मंजूर जागा दोन, एक प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला, म्हणजे पगार इथला आणि खुर्ची तिथली. क्वार्टरचं छप्पर गळायचं म्हणून मी लेबर रूमच्या बाजूच्या खोलीत झोपायचो. आडवं मूल आलं की मी काय करणार? सिझर करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूल देणारा हवा, रक्त हवं. तिन्ही नाही. मग रेफर. ग्रामीण रुग्णालयात गेलं तर तिथे तिन्हीपैकी एखादं असतं, मग पुन्हा रेफर. बाई चिठ्ठ्या गोळा करत करत खाली उतरते.

आणि नियम कसा आहे बघा. सपाटीवर ५००० लोकसंख्येला उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात ३००० ला. प्रा. आ. केंद्र तिकडे ३०,००० ला, इकडे २०,००० ला. कागदावर इकडे जास्त दिलंय असं वाटतं. पण माझे वीस हजार लोक ज्या पाड्यांवर पसरले होते त्यातल्या निम्म्या पाड्यांना सडक नव्हती. माणसं मोजली, चढ कुणी मोजलाच नाही.

रानभेंडी

सडक नाही तिथे पेशंटला बांबूला बांधलेल्या झोळीतून नेतात. त्या झोळीला दोन माणसं पुढे, दोन मागे आणि बदली चार. म्हणजे एक बाळंतीण न्यायची तर आठ गडी लागतात आणि आठ जणांचा रोज बुडतो. नंदुरबारकडे ह्याला बांबूलन्स म्हणतात ना? पेपरात वाचून हसू आलं होतं आधी. मग नाही आलं.

नर्मदेकाठची

सर, मी पावरा आहे, सातपुड्यातल्या आदिवासींतली. नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालाय, दुसऱ्या जिल्ह्यात एका हॉस्पिटलात नोकरी करते. इथे सहसा लिहीत नाही कारण आमच्याबद्दलचे धागे बहुतेक ‘ती लोकं’ ह्या शब्दांनी सुरू होतात आणि तिथेच राहतात.

चहाबाज दादा, तुम्ही फुकट म्हणालात त्याचा हिशोब सांगते. औषध फुकट आहे, बरोबर. जीप माणशी पैसे घेते. पेशंटसोबत एक माणूस राहतो, त्याला जेवण नाही, तो वडापाव खाऊन किती दिवस काढणार? घरी तीन लहान पोरं आणि शेळ्या, त्या कोण बघणार? पेरणीच्या दिवसात आठ दिवस खाली बसलं तर वर्षाचं धान्य गेलं. आम्ही फुकटाला नाही म्हणत नाही दादा, परवडत नाही म्हणून नाही म्हणतो.

आणि भाषा. आमच्याकडची म्हातारी मराठी समजत नसली की सगळ्याला मान हलवते. घाबरून हलवते. डॉक्टर विचारतो उलटी झाली? मान. जुलाब झाले? मान. चार दिवस झाले? मान. केस पेपरवर उलटी जुलाब चार दिवस, आणि म्हातारीला दुखतंय छातीत. हे मी डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा मी शिकाऊ होते आणि मधे बोलले तर मलाच झापलं. मराठी येणाऱ्याला ‘काका बसा’, आमच्या माणसाला ‘ए, तिकडे हो’. मला पण ‘तू आदिवासी वाटत नाहीस’ असं कौतुकानं सांगतात.

बाळंतपणाचं तर विचारूच नका. घरी बाई उकिडवी बसते, वरून बांधलेला दोर धरते, आजूबाजूला आई, सासू, दाई, सगळ्या बायका, कोपऱ्यात विस्तव. दवाखान्यात एकटीला टेबलावर आडवं करायचं, अंगावर कपडा नाही, वॉर्डबॉय येतोय जातोय, आणि ओरडली की ऐकून घ्यायचं ‘आता का रडतेस’. पहिलं बाळंतपण तिथे झालेली बाई दुसऱ्याला परत येत नाही ती काही अडाणी आहे म्हणून नाही.

बडव्याचं म्हणाल (तुमच्याकडे भगत म्हणतात), तो रात्री दोनला घरी येतो, आमच्या बोलीत बोलतो, आणि कोंबडं आत्ता नसेल तर होळीनंतर दे म्हणतो. मी त्याच्या मंत्राच्या बाजूनं बोलत नाहीये. माझा सख्खा भाऊ त्या नादात गेला. पण तो येतो हे तर खरं आहे.

चहाबाज_नाशिक

ताई तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं, मला तसं म्हणायचं नव्हतं. ‘ती लोकं’ हे चुकलं. पण मग एवढा पैसा जातो कुठे, हा प्रश्न राहतोच ना?

वैदर्भी_वानर

चहाबाज भाऊ, डंब्याचं तुम्ही काढलं म्हणून लिहून राहिलो. मी नागपूरचा, कामानिमित्त दहा-बारा वर्षं गडचिरोली-मेळघाट फिरणं झालं. डंब्याची बाजू कोणी घेत नाही बाप्पा, कोरकू समाजातली शिकलेली पोरंच त्याच्या विरोधात गावोगाव बोलून राहिली. पण चटका कधी देतात ते पाहा ना. बाळ धापा टाकते, पोट फुगते, रात्रीची वेळ, पावसाळा, नाला भरलेला. माय काहीतरी करणारच. तिच्या हाताशी सळई सोडून दुसरं काय ठेवलं आपण?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नेमकं तेच केलं. गावातलीच बाई, कमी शिकलेली, तिला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ती बाळंतपणाला हजर राहते, बाळाचं वजन करते, श्वास मोजते, न्यूमोनिया ओळखून औषध देते, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देते. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. तेव्हा मोठमोठे डॉक्टर म्हणत होते की अशिक्षित बाईच्या हाती इंजेक्शन म्हणजे खेळ आहे का. आज देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात त्याचं मूळ त्याच्यात आहे.

आणि दवाखाना बांधायच्या आधी यांनी लोकांनाच विचारलं की तुम्हाले कसा पाहिजे. लोक म्हणे मोठ्या बिल्डिंगीची भीती वाटते, नातेवाइकाले राहायले जागा पाहिजे, आणि आमची देवी पाहिजे. म्हणून तिथे लांबलचक वॉर्ड नाही, झोपड्या आहेत, पेशंटसोबत घरचे राहतात, नाव मां दंतेश्वरी दवाखाना. हेमलकशाले तर १९७३ पासून तसंच आहे, प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमटे आधी माडिया बोली शिकले, झाडाखाली पेशंट तपासले. तिथून कोणी पळून गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट तीन-तीन दिवस चालत येतात. मग आता सांगा, अंधश्रद्धा तीच, जंगल तेच, माणसं तीच. मग एका दवाखान्यात येतात आणि दुसऱ्यातून पळतात, हे कसं?

डॉ_अर्धवट

वैदर्भी भाऊ, +१. फक्त एक, दोन जोडपी आयुष्य घालतात म्हणून चालतं, त्यावर खातं कसं चालवायचं? बाँडच्या पोरानं एका वर्षात बोली शिकावी ही अपेक्षा मला झेपली नसती. (वर्षभरात मला वीसेक शब्द आले, त्यातले आठ शिव्या.)

चहाबाज, पैसा कुठे जातो ते मला नाही सांगता येणार, पण फरक किती आहे ते सांगतो. केंद्र सरकारनं २०१३ मध्ये आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली, अध्यक्ष डॉ. अभय बंगच, अहवाल आला २०१८ ला. देशात आदिवासी लोकसंख्या १०.४ कोटी, म्हणजे ८.६ टक्के, पण मलेरियाच्या रुग्णांत त्यांचा वाटा ३० टक्के आणि मलेरियाच्या मृत्यूंत ५० टक्के. टीबी लाखात ७०३, बाकी समाजात २५६. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू १९८८ ला हजारी १३५ होते ते २०१४ पर्यंत ५७ वर आले, म्हणजे काहीच झालं नाही असं पण नाही. आणि जे मला तेव्हा नवं होतं ते म्हणजे निम्म्याहून जास्त आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. तिथे ना ३००० चा नियम, ना भरारी पथक (पाड्यांवर फिरणारं डॉक्टरचं पथक).

कर्जत_लोकल

हेच लिहायला आलो. आमच्याकडे रायगडात कातकरी आहेत, महाराष्ट्रात तीन अतिमागास आदिवासी जमाती धरतात त्यातली एक (कोलाम आणि माडिया बाकीच्या दोन). मुंबई दीड-दोन तासांवर. डोंगर नाही, नदी आडवी नाही, लोकल आहे. तरी तेच. दिवाळी झाली की वाडीच्या वाडी वीटभट्टीवर जाते, पावसाळ्याच्या तोंडाला येते. पोर जन्मतं भट्टीवर, लस इथल्या रजिस्टरला, रेशनकार्ड भट्टीमालकाकडं किंवा सावकाराकडं. योजनेतलं ऑपरेशन म्हटलं की आधी रेशनकार्ड, आधार, आणि दोन्हीवरचं नाव जुळायला पाहिजे. एकाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे. त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक, तिन्ही लिहिणारे आपणच.

गुरुजींची गोष्ट वाचून वाटलं की अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच बंद करावं.

सिडनीचा_काका

इथे ऑस्ट्रेलियात मी हॉस्पिटलच्या आयटीत काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे तेवढंच समजून घ्या. पण धाग्याचं नाव वाचून दचकलो. इथले मूळ रहिवासी, अ‍ॅबोरिजिनल लोक, उपचार अर्धवट टाकून हॉस्पिटलमधून निघून जाण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. कारणं पण शेम टू शेम, घर शेकडो मैल लांब, भाषा, घरची पोरं, अपमान, आणि आपल्या जमिनीपासून दूर मरायची भीती. तो आकडा इथे आरोग्याच्या सरकारी अहवालात दरवेळी मांडतात, पण पेशंट किती बेशिस्त हे सांगायला नाही. आमची हॉस्पिटलं त्यांना किती परकी वाटतात, ह्याचं माप म्हणून मांडतात. हा आकडा वाढला तर प्रश्न हॉस्पिटलला विचारतात.

१९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला, चालवणारं मंडळ त्यांचंच, आता तसे दवाखाने देशभर आहेत. पण उगाच इकडचे गोडवे गात नाही. एवढा श्रीमंत देश, विमानातून डॉक्टर पाठवतात, तरी आयुर्मानात अजून साधारण आठ वर्षांचा फरक आहे. आणि सुरुवात कशी झाली हा इतिहास तर फार घाणेरडा आहे, तो ह्या धाग्यात नको.

डोंगरपायथा

काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. म्हणजे तीच ओळ, पण खातं दुसऱ्याचं. आमच्याकडे ती पेशंटच्या नावावर टाकतात.

परवा त्या सिस्टरना भेटलो. चिडून नाही, नीटच विचारलं. त्या म्हणाल्या, सर वॉर्डात एका वेळी साठ पेशंट आणि मी एकटी, मला त्यांची बोली येत नाही आणि त्यांना माझी, मी बिघडले असेन बोलायला. त्यांची स्वतःची मुलगी बाराशे रुपयांच्या खोलीत बहिणीकडे ठेवलेली. काय बोलणार.

निवृत्त_कंडक्टर

मी ह्या विषयातला नाही. एकतीस वर्षं एसटीत होतो, त्यातली नऊ डोंगराच्या गाड्यांवर. लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होतो.

जून २०२५ ला मोखाड्याची बातमी आली होती, बापानं नाशिकहून बाळाचं प्रेत पिशवीत घालून एसटीनं गावाकडं नेलं, गाडी मिळाली नाही म्हणून. टीव्हीवाले दोन दिवस ओरडत होते. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणाले अरेरे. मी काही म्हणालो नाही, कारण मला नवीन नव्हतं.

साल सांगत नाही. पहाटेची गाडी, थंडीचे दिवस. बाई आणि बाप्या चढले, बाईच्या मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं लेकरू. घाटात खड्डे, सगळ्या गाडीतली पोरं रडत होती, ते एक रडत नव्हतं. मी तिकीट फाडायला गेलो आणि मला कळलं. बाईनं माझ्याकडं बघितलं आणि तिला पण कळलं की मला कळलं. प्रेत गाडीत न्यायला परवानगी नसते. पाच वर्षांखाली तिकीट नसतं. मी दोनच तिकिटं फाडली. ड्रायव्हरला सांगितलं नाही. त्यांच्या थांब्याच्या अलीकडंच, जिथून पायवाट जवळ पडते तिथं बेल मारली.

असं माझ्या नोकरीत दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी विचारलं पण नाही.

रानभेंडी

🙏 काका.

नर्मदेकाठची

बाबा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

मी_पुणेकर_बरं_का

खूप अस्वस्थ करणारा धागा. आमचा ग्रुप दरवर्षी दिवाळीत आदिवासी पाड्यावर ब्लँकेट आणि फराळ वाटतो. यंदा गुरुजींच्या पाड्यावर येऊ का? फोटो वगैरे टाकणार नाही.

नर्मदेकाठची

ताई, राग मानू नका. ब्लँकेट आहेत, दर वर्षी येतात. खरंच काही करायचं असेल तर मला सुचतं ते सांगते. प्रत्येक मोठ्या सरकारी दवाखान्यात दारापाशी एक माणूस हवा, पावरी, भिली बोलणारा, फक्त एवढंच काम की आलेल्या माणसाला कुठे जायचं ते सांगायचं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं. आमची डी.एड., नर्सिंग झालेली पोरं घरी बसलेली आहेत, पगार फार नको त्यांना. दुसरं, नातेवाइकाचं दोन वेळचं जेवण. काही आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राला माहेरघर जोडलेलं आहे, पोटुशी बाई दिवस भरायच्या आधी चार दिवस येऊन राहते, सोबत कुणी पण चालतं, जेवण मिळतं. जिथे ते नीट चालतं तिथे बायका आपणहून येतात. खाली शहरातल्या दवाखान्यात मात्र असं काही नाही, आणि जीव तिथेच घाबरतो. तिसरं म्हणजे परत नेणारी गाडी. बाळंतिणीला घरी सोडायची सोय कायद्यानं, म्हणजे योजनेत आहे, जननी-शिशुमध्ये. मेलेल्याला सोडायची नीट सोय आमच्याकडे नाही. मला वाटतं सरांच्या गोष्टीतल्या बापाला जर नक्की माहीत असतं की काही झालं तरी घरी पोचवतील, तर तो थांबला असता.

चहाबाज_नाशिक

नर्मदेकाठची ताई, आमच्या ओळखीत एकांची शववाहिनी आहे, ट्रस्टची. आठवड्यातून किती वेळा लागेल असा अंदाज आहे का? मी विचारून बघतो. (आधीच्या प्रतिसादाबद्दल काही बोलत नाही, वाचतोय फक्त.)

डॉ_अर्धवट

डोंगरपायथा सर, पोरीचं काय? एसएस आहे म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलची रोजची गोळी) चालू आहे का? फॉलिक अ‍ॅसिड? दोन गोष्टी लगेच करा. सिकलसेल आता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, प्रमाणपत्र काढून घ्या. आणि सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे, सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळायला हवं, बदली रक्तदाता आणा म्हणाले तर अडून बसा. २०२३ ला राष्ट्रीय अभियान सुरू झालंय, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी जोरात होते. तपासून एसएस निघालेल्या पोरीला गोळी दर महिन्याला कोण देतं, ते विचारायचं राहून जातं. आई-बापाची पण तपासणी झाली का? दोघं एएस (म्हणजे एकाच बाजूनं दोष आलेले, वाहक) असतील तर दर खेपेला मूल एसएस निघायची चारात एक शक्यता असते, त्यांना कुणी हे शांतपणे बसून सांगितलंय का?

डोंगरपायथा

मंडळी, उशीर झाला, परीक्षा आणि मग गणना, शिक्षकाला सगळी कामं असतात.

पोरगी शाळेत येते. डॉक्टर, गोळी चालू नव्हती, एकदा दिली होती, संपली, परत कुणी आणली नाही. आता आपल्या आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टर (बाँडवालाच, पोरगेलासा आहे) म्हणाला की मी इथे मागवून ठेवतो, खाली जायला नको. प्रमाणपत्रासाठी मात्र जिल्ह्याला जावंच लागणार आणि बाप तयार नव्हता. नर्मदेकाठची ताईंनी मला निरोपातून पावरीत काही वाक्यं लिहून पाठवली, माझे उच्चार ऐकून अख्खा पाडा हसला, पोरीची आई तर तोंडावर पदर घेऊन हसत होती. त्यानंतर एएस-एसएसचं बोलणं झालं, सोललेल्या मक्याच्या दाण्यांवर करून दाखवलं, दोन पांढरे दोन लाल. आईला माझ्या आधी समजलं. तिनं विचारलं की मग आमच्या धाकट्याचं रक्त कधी बघणार.

बापानं एकच अट घातली. म्हणाला, सर लिहून द्या. काही झालं तर घरी आणाल असं लिहून द्या.

मी म्हटलं अरे मी शिक्षक, माझ्या लिहिण्याला काय किंमत. म्हणाला, द्या तरी. मग वहीचं पान फाडून लिहून दिलं, खाली सही, शाळेचा शिक्का मारला (हे कुणी वर कळवू नका), मागे जीपवाल्याचा आणि चहाबाज दादांनी दिलेला तो शववाहिनीचा नंबर. त्यानं ते रेशनकार्डात घडी घालून ठेवलं. सोमवारी जातोय.

डॉ_अर्धवट

उत्तम. गोळी सुरू झाली की सुरुवातीला दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) लागेल, पेशी कमी होतात कधीकधी. केंद्रात लॅब टेक्निशियन रोज असतो का?

डोंगरपायथा

फक्त गुरुवारी असतो. बाजार पण गुरुवारीच असतो, तेव्हा बाप खाली येतोच. जमेल.